अक्काची पांढरी काच

अक्काने मला खोली दिली ती माझे हात चाचपून.

जळगावच्या एका सरकारी कचेरीत मी टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. धुळ्याहून येताना एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी आणली होती आणि दोन्ही एका मैत्रिणीच्या घरी ठेवून खोली शोधत फिरत होते. आधीच्या दोन घरांत माझं आडनाव विचारलं गेलं आणि ते ऐकल्यावर खोली कालच दुसऱ्याला देऊन टाकल्याचं मालकांना आठवलं. तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक उंच, काटक बाई मांडीवर काचेचा जाड वाडगा घेऊन बसली होती. तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी लागलेली. मी खोलीचं विचारलं तसं तिने वाडगा बाजूला ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले.

"हात दे तुन्हा."

मी हात दिले. तिने माझी बोटं एकेक करून दाबून पाहिली, पेरं, नखं, बोटांची टोकं.

"टाइपरायटर का?"

"हो."

"तुन्हा हातमाईन काही पडस का?"

माझ्या हातून वस्तू पडतात का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, "नाही पडत."

"मग ऱ्हा."

आडनाव तिने विचारलंच नाही. महिन्याभराने मला टपाल आलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचलं. त्यावर अक्काने एवढंच विचारलं की वडील शेती करतात की नोकरी. मी तिला अहो-जाहो करायचे. तेही तिने लवकरच थांबवलं. "तुम्ही म्हणू नको. माले कोणी बँकेतली बाई आल्यासारखं वाटस."

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड आणि अंधार कळायचा, दारात माणूस उभा राहिला तर सावली हलल्यासारखी दिसायची, त्यापलीकडे काही नाही. पण घरात ती अशी वावरायची की नव्या माणसाला पहिले काही दिवस पत्ताच लागत नसे. तिचं माहेर सोनगीरकडचं. बोलणं अहिराणीत सुरू व्हायचं आणि शाळेतल्या मराठीत संपायचं, कधी उलट. नवरा, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणत असू, जिनिंग फॅक्टरीत काटा बाबू होते. कापूस तोलण्यात सगळी नोकरी गेली आणि निवृत्त झाल्यावर अक्काची पिशवी धरण्याचं काम त्यांच्याकडे आलं.

त्या पिशवीत स्टीलची भांडी असत. त्या काळात घरोघरी स्टील येत होतं. दारावर बायका यायच्या, जुने कपडे घ्यायच्या आणि स्टीलची वाटी द्यायच्या. अक्काचा व्यापार त्याच्या उलटा. ती स्टील द्यायची आणि जुनी काच घ्यायची. सरबताचे ग्लास, फळांचे वाडगे, लोणच्याच्या झाकणाच्या बरण्या, पान ठेवायच्या तबकड्या. यातलं काहीच भारी नव्हतं. साच्यात काच ओतायची, दाबायची आणि एकसारखे हजारो नग बाजारात पाठवायचे, अशी ती काच. आमच्या आई-वडिलांच्या लग्नांत आहेरात आलेली आणि स्टील आल्यावर माळ्यावर गेलेली. पण या भांड्यांच्या अंगावर नक्षी उठावाची असे, बोटाला लागणारी. अक्काला तीच हवी होती.

त्या नक्षींना तिने स्वतःची नावं ठेवली होती. एकीचं नाव केळफूल, एकीचं कपाशीचं बोंड. बारीक दाण्यांच्या नक्षीला ती दादर म्हणायची, आपल्याकडच्या दादर जातीच्या ज्वारीच्या कणसावरून. चहा घेताना ती माणसाच्या हातात ग्लास द्यायची आणि डोळे मिटायला लावायची. "सांग, काय शे?" टाइपरायटरच्या कळा मी न बघता ओळखत असल्यामुळे मला हे लवकर जमलं आणि अक्काच्या मनात माझी किंमत वाढली. कचेरीतल्या बदल्या, बढत्या यांत तिला रस नव्हता. मी केळफूल आणि कमळ यांतला फरक सांगू शकते, हे मात्र ती आल्यागेल्याला सांगायची.

स्टीलबद्दल तिचं मत वाईट होतं. "काच शे म्हनीसन मानूस हळू वागस," ती म्हणायची. "स्टीलच्या घरात आदळआपट जास्त." तिच्या घरात खरोखरच कोणी भांडं आपटत नसे. नानांना तर पाऊल वाजवायचीही सवय राहिली नव्हती.

आता या सगळ्यातली खरी गोम सांगायला हवी. अक्काला फक्त पांढरी काच हवी होती. पांढरी म्हणजे पाण्यासारखी, बिनरंगाची. तिच्या आईकडे तशी एक तबकडी होती. वडिलांनी धुळ्याच्या बाजारातून आणलेली, घरातली एकमेव काचेची वस्तू. पाहुणे आले की तिच्यात सुपारी यायची. ती तबकडी पुढे भावांच्या वाटणीत कुठे गेली कळलं नाही. अक्काच्या डोक्यात मात्र बसलं की चांगल्या घरातली काच बिनरंगाचीच असते. रंगीत काच म्हणजे सोडावॉटरचं दुकान.

मी राहायला आले त्याच आठवड्यात तिने मला आतल्या खोलीत नेलं. भिंतभर फळ्या होत्या. ती अभिमानाने म्हणाली, "देख. बठ्ठा पांढरा शेतस. एकबी रंगीत नही."

मी बघितलं. फळ्यांवर हिरवं होतं, गुलाबी होतं, मधासारखं पिवळं होतं, जांभळट होतं. खिडकीतून ऊन येत होतं आणि समोरच्या भिंतीवर रंगांचे ओघळ पडले होते. बिनरंगाची भांडी शोधावी लागत होती. मी काही बोलणार, तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या नानांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी कळकळ होती की मी म्हटलं, "हो ना अक्का. सगळं कसं स्वच्छ दिसतंय."

हे मला नंतर नीट उलगडलं. बाजारात एखादी वस्तू हाताला लागली की अक्का नानांकडे वळून विचारायची, "रंग कसा शे?" आणि नाना म्हणायचे, "पांढरा." वर्षानुवर्षं एकच उत्तर. गल्लीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं आणि नानांकडे बघून सगळे गप्प राहायचे. गप्प राहणं सोपं नव्हतं. शेजारच्या वहिनींनी हौसेने गुलाबी ग्लासांचा सेट घेतला, तर अक्का त्यांच्या तोंडावर म्हणाली, "गुलाबी ग्लासमा पानी पीवाले कसं तरी वाटस." हे बोलताना तिच्या स्वतःच्या हातात गुलाबी वाडगा होता. वहिनींनी वाडग्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून घरी गेल्या.

एकदा रविवारी मी दोघांबरोबर सावद्याच्या बाजाराला गेले. केळीच्या बागांमधून एसटी जात होती आणि नाना पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. बाजाराच्या कडेला एका शेतकरी बाईच्या ओसरीवर अक्का पाणी प्यायला म्हणून टेकली आणि काही वेळात तिने माळ्यावर काय काय आहे याची चौकशी पूर्ण केली. बाईने धूळ झटकत एक झाकणाची साखरदाणी आणली. गडद हिरवी. अक्काने तिच्यावरून अंगठा फिरवला आणि तिचा चेहरा उजळला.

"ही नक्षी माझ्याकडे नही. नाना, रंग कसा शे?"

"पांढरा," नाना म्हणाले.

ती बाई साधी, खरं बोलणारी. तिने तोंड उघडलं. "अहो, ही तर..."

नानांनी चटकन पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून तिच्यासमोर ठेवला आणि त्यावर एक डावही ठेवला. बाईने डबा पाहिला, डाव पाहिला, नानांचा चेहरा पाहिला. "ही तर माझ्या सासूची," असं तिने वाक्य पूर्ण केलं.

परत येताना नाना हळूच मला म्हणाले, "तो डबा मला फॅक्टरीवाल्यांनी निवृत्तीला दिला होता. माझं नाव कोरलेलं होतं त्याच्यावर."

"मग दिला कशाला?"

"दुसरं काही हाताला लागलं नाही पटकन."

डोळ्यांच्या ऑपरेशनचं नाव काढलं की अक्का उठून जायची. तिच्या मोठ्या बहिणीचं ऑपरेशन कुठल्याशा शिबिरात झालं होतं आणि होती नव्हती तेवढी नजर गेली होती. नाना दरवर्षी विषय काढत. अक्काचं उत्तर ठरलेलं. "मन्हा बोटेस्ले दिसस. माले काय अडचन नही."

मग एका सकाळी तव्याने घात केला. भाकरी उलटताना तिचा अंदाज चुकला आणि उजव्या हाताची बोटं तव्यावर टेकली. डाव्या हाताने सावरायला गेली तर तोही भाजला. दोन्ही हातांना मलम आणि पट्ट्या. पहिले काही दिवस वेदनेत गेले. नंतर पट्ट्या निघाल्या, पण बोटांवरची कातडी जाड, मुकी झाली होती. मी संध्याकाळी कचेरीतून आले तेव्हा ती फळीसमोर उभी होती. एक ग्लास हातात घेऊन फिरवत होती, पुन्हा फिरवत होती.

"काय शे हा?" तिने मला विचारलं. नेहमीची परीक्षा नव्हती ती. तिला खरंच कळत नव्हतं.

"दादर," मी म्हटलं.

तिने ग्लास जागेवर ठेवला आणि खाली बसली. इतके महिने मी तिला कधी असं नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं. हात मांडीवर उलटे पडलेले, तळवे वर. स्वयंपाक मी केला. नाना भरवायला गेले तर तिने तोंड फिरवलं, मग थोड्या वेळाने स्वतःच त्यांच्या बाजूला वळली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, "डोया गया. बोटंबी गयी. आता काय, जिभेने चाटून ओळखू?" आणि थोडं थांबून, "नाना, त्या डॉक्टरले विचारा."

नाना ज्या घाईने चप्पल न घालता बाहेर पडले, ते मी अजून विसरले नाही. कोपऱ्यावर जाऊन चपलेसाठी परत आले.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि सांगितलं की जखम भरल्यावर नंबरचा चष्मा मिळेल, तोवर उजेडापासून जपायचं. अक्का काळा चष्मा लावून घरात बसली. आणि नानांची झोप उडाली.

एका संध्याकाळी त्यांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. "तिला दिसायला लागणार," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आनंदात म्हटलं की भीतीने, मला सांगता येणार नाही. "रंगीत काढून ठेवू का? वहिनींच्या माळ्यावर?"

आम्ही मोजदाद केली. बिनरंगाची भांडी जेमतेम एका फळीची होती.

"एवढीच उरली तर तिला वाटेल चोरी झाली," नाना म्हणाले.

"नाना, सांगून टाका तुम्ही."

"सांगतो."

ते आत गेले. मी दाराशी उभी राहिले. ते अक्काजवळ बसले, घसा साफ केला. "अगं, तुला एक सांगायचं होतं."

"काय?"

नाना उठून उभे राहिले. "चहा करू का?" नाना म्हणाले.

अशा रीतीने त्या महिन्यात नानांनी फार चहा केला.

नंबरचा चष्मा आला तो सकाळी. सोडाबाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा. त्यामागे अक्काचा डोळा एवढा मोठा दिसत होता की मलाच गांगरायला झालं. तिने पहिल्यांदा नानांकडे बघितलं. खूप वेळ. "किती वाळले तुम्ही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू अशी शे व्हय. मी तुले जाड समजत होते." मग उठली आणि आतल्या खोलीत गेली.

आम्ही दोघं मागोमाग. ती फळ्यांसमोर उभी राहिली. तिने एक ग्लास उचलला, सवयीने डोळे मिटले, बोटं फिरवली, डोळे उघडले. खाली ठेवला. दुसरा उचलला. सावद्याची साखरदाणी उचलली. खालच्या फळीवर एक मधाच्या रंगाची तबकडी होती, ती हातात घेऊन ती वळली आणि नानांच्या समोर धरली.

"नाना. रंग कसा शे?"

आणि नाना, इतक्या वर्षांच्या सवयीने, म्हणाले, "पांढरा."

अक्काने तबकडी जागेवर ठेवली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दिवशी नानांना चहा स्टीलच्या पेल्यात मिळाला. दुसऱ्या दिवशीही. घर इतकं शांत झालं की वहिनी दोनदा येऊन दारातूनच परत गेल्या. नाना ओट्यावर बसून असायचे. एरवी आपल्याच मनाशी हसणारा माणूस, पण त्या दोन दिवसांत मला ते एकदम म्हातारे दिसले.

पुढच्या सकाळी मी कचेरीला निघाले तर ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी भांडी अक्काने धुऊन उन्हात मांडली होती. हिरवी, गुलाबी, पिवळी, जांभळी. त्यांच्या मधोमध पाट टाकून ती बसली होती. गल्लीतली पोरं लांबून बघत होती. अक्काने शेजारच्या वहिनींना हाक मारली.

"तुझ्या गुलाबी ग्लासांना मी नावं ठेवली," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली. "माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त गुलाबी शेत. तू हसली असशील."

वहिनी पुढे आल्या. "हसले थोडी," त्या म्हणाल्या. "पण घरी जाऊन."

अक्काने मान हलवली, म्हणजे ते मान्य आहे अशी. मग तिने नानांकडे तोंड केलं. "सगळी गल्ली हसली मला. तुम्ही माले काब्र सांगं नही?"

नाना ओट्याच्या कडेला उभे होते. मला वाटलं, ते पुन्हा चहाचं विचारतील. पण ते म्हणाले, "पहिल्यांदा गुलाबी वाडगा मिळाला तेव्हा सांगणार होतो. घरी आल्यावर सांगू म्हटलं. पण तू तो वाडगा मांडीवर घेतलास आणि आईचं बोलायला लागलीस. सोनगीरचं, सुपारीचं, किल्ल्यावर शेळ्या घेऊन जायचीस त्याचं. दिसेनासं झाल्यापासून तू महिनोन्‌महिने दोन शब्द बोलली नव्हतीस. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत बोलत होतीस. मग मी कुठला रंग सांगू?"

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. चष्म्यामागचा तो मोठा डोळा भरून आला, ते आम्हाला सगळ्यांना दिसलं. काही लपण्यासारखं त्या भिंगाने ठेवलंच नव्हतं. तिने शेजारचा एक जांभळट वाडगा उचलला, उन्हात धरला आणि त्याची ओट्यावर पडलेली सावली बघितली.

"हे वाईट नाही दिसत," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "चहा टाका. मलाही."

मी कचेरीत उशिरा पोचले. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी पोट दुखत होतं असं सांगितलं. खरं सांगायला फार वेळ लागला असता.

त्यानंतरच्या रविवारी अक्काने जाहीर केलं की ती जामनेरच्या बाजाराला जाणार आणि एकटी जाणार. नानांनी पिशवी भरून दिली, स्टँडवर सोडायला गेले आणि एसटी निघून गेल्यावरही तिथेच थांबले. दुपारपर्यंत परत येईनात म्हणून मी बघायला गेले. ते बाकावर बसले होते. मीही बसले. जामनेरहून येणारी प्रत्येक गाडी आम्ही निरखत होतो. नाना अधूनमधून म्हणत होते, "पायरी उंच असते गाडीची."

शेवटी एका लाल गाडीतून अक्का उतरली. कोणाचा हात न धरता. चष्म्यावर धूळ, केस विस्कटलेले, पिशवी तशीच जड.

नानांनी पिशवीत डोकावलं. स्टीलची सगळी भांडी होती तशी होती. "काही मिळालं नाही?" त्यांनी काळजीने विचारलं.

"बाजारमा मी गईच नही," अक्का म्हणाली.

"मग दिवसभर कुठे होतीस?"

"गाडीत. जाताना खिडकीशी बसले होते. एका बाजूचं सगळं दिसलं. कपाशी, विहिरी, दुकानांवरच्या पाट्या, एक माणूस म्हैस धूत होता ते. जामनेर आलं तेव्हा वाटलं, दुसरी बाजू राहिली. म्हणून स्टँडवरूनच परतीच्या गाडीत बसले." तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. "वाटेत नेरीला गाडी फार थांबत नही. तिथलं नीट दिसलं नाही. उद्या परत जाणार."

नानांनी पिशवी तिच्या हातातून घेतली. मग म्हणाले, "उद्या मीही येतो."

"या," अक्का म्हणाली. "पण खिडकी मन्ही शे."